मानेची नस मोकळी केली, पण कोणती नस?

मराठीत ‘नस’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. हातावर निळसर दिसते ती नस, आणि मान आखडल्यावर बोटांना मुंग्या आणते तीही नसच. एरवी याने काही बिघडत नाही. पण ‘मानेतली नस दबली होती, ऑपरेशन करून मोकळी केली’ असं कोणी सांगितलं, की ऐकणारे बहुतेक जण मज्जातंतू धरून चालतात. मग सल्ले सुरू होतात: मानेला पट्टा लाव, उशी घेऊ नकोस, जरा चोळून घे. ऑपरेशन शिरेचं, म्हणजे रक्तवाहिनीचं असेल, तर यातले पहिले दोन सल्ले उलटे पडतात आणि तिसरा घातक ठरू शकतो.

मज्जातंतू दबतो तो मणक्याजवळ. दोन मणक्यांमधली गादी सरकते किंवा हाड वाढतं आणि बाहेर पडणाऱ्या तंतूवर दाब येतो. दुखणं मानेत राहत नाही, हातात उतरतं. सहावा तंतू दबला तर कळ अंगठ्यापर्यंत जाते, सातवा दबला तर मधल्या बोटापर्यंत. काहींना दुखरा हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं.

शिरेची गोष्ट वेगळी. मेंदूतलं रक्त हृदयाकडे परत नेणारी मोठी शीर, म्हणजे जुग्युलर व्हेन, कवटीच्या तळातून बाहेर पडते. तिथेच एका बाजूला स्टायलॉइड नावाचं टोकदार हाड असतं आणि मागे पहिल्या मणक्याचा आडवा फाटा. या दोघांच्या मधल्या फटीत ती चेपली जाते. आडवं झाल्यावर मेंदूतलं बरंचसं रक्त याच वाटेने उतरतं. उभं राहिल्यावर मोठा वाटा मणक्याभोवतीच्या शिरा उचलतात. म्हणून काहींचा त्रास झोपल्यावर किंवा मान एका बाजूला वळवल्यावर वाढतो: डोकं गच्च भरल्यासारखं होतं, नाडीच्या ठेक्यावर कानात सूं-सूं ऐकू येतं, नजर धूसर होते. मात्र स्कॅनमध्ये शीर अरुंद दिसणारे कितीतरी लोक पूर्ण ठणठणीत असतात. त्यामुळे नुसत्या चित्रावरून हे ऑपरेशन ठरवलं जाऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

लांबलेल्या स्टायलॉइडचा त्रास वॉट ईगल या डॉक्टरांनी १९३७ मध्ये मांडला. आता त्याच हाडाकडे शिरेच्या अंगानेही पाहिलं जातं. जबड्याखाली, कानाच्या थोडं खाली छेद घेऊन ते हाड काढतात, गरज पडल्यास मणक्याचा फाटाही थोडा तासतात. मज्जातंतूसाठी बहुतेकदा गळ्याच्या समोरून जाऊन गादी काढतात आणि मणके एकमेकांना जोडतात.

खरा फरक पुढच्या महिन्यांत दिसतो. मज्जातंतूचं ऑपरेशन झालेल्या अनेकांची हातातली कळ भूल उतरताच गेलेली असते. घसा दुखतो, गिळायला काही दिवस जड जातं, बधिरपणा मात्र रेंगाळतो. इजा झालेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने, आणि हाड जुळायलाही महिने लागतात.

शिरेच्या ऑपरेशननंतर असा झटपट दिलासा मिळेलच असं नाही. शिरेची भिंत मऊ असते, आतला दाब कमी असतो. त्यामुळे हाड काढलं तरी ऑपरेशनची सूजच तिला काही काळ दाबू शकते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डोकं पुन्हा भरल्यासारखं वाटलं की माणूस खचतो, ‘फुकट गेलं सगळं’ म्हणतो. निकाल लावायला ही वेळ फार लवकरची आहे. चार दिवस चांगले आणि दोन वाईट, अशी चाल बराच काळ राहू शकते. पण हेही खरं, की वर्षानुवर्षं चेपलेली शीर दरवेळी आपणहून फुलत नाही. त्रास टिकला तर शिरेत नळी घालून आतला दाब मोजतात, आणि काहींना स्टेंट बसवावा लागतो. तसं झालं तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सांगितल्याप्रमाणेच घ्यायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत.

शिरेच्या आसपास मज्जातंतूंची दाटी असते, आणि इथे दोन्ही ‘नसा’ एकत्र येतात. ऑपरेशन शिरेचं झालेलं असतं, पण कानाची पाळी बधिर होते, हसताना ओठाचा एक कोपरा खाली ओढला जात नाही, हात वर उचलताना खांदा साथ देत नाही. जेवणाच्या पहिल्या घासाला जबड्यात तीव्र कळ येऊन पुढच्या घासांना ती ओसरते, असंही काहींना होतं. हे ऐकून घाबरायला होतं, पण तंतू नुसता ताणला गेला असेल तर तो बहुधा आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतो. ओठाची बहुतेकदा वाट पाहावी लागते. खांद्याचं तसं नाही. हात उचलत नसेल तर लगेच सांगावं आणि फिजिओथेरपी सुरू करावी, नाहीतर सांधा आखडून बसतो.

शिरेच्या ऑपरेशननंतर झोपताना डोकं उंचावर ठेवायचं. जोर लागेल असं काही करायचं नाही, जड उचलणं आणि शौचाला कुंथणंही त्यातच आलं. सर्जनने सांगितल्याशिवाय पट्टा नको, कारण घट्ट पट्टा शिरेलाच दाबतो. मान चोळून घेणं, कडकन मोडून घेणं पूर्ण बंद.

काही लक्षणांना मात्र वाट बघणं लागू नाही. मानेची सूज भराभर वाढणं, आवाज बदलणं, श्वास अडणं हे आत रक्त साठत असल्याचं लक्षण असू शकतं, विशेषतः पहिल्या दिवसात, आणि तिथे मिनिटं मोलाची असतात. नजर अंधारणं, बोबडं बोलणं, एका बाजूची ताकद जाणं, तापासह वाढती डोकेदुखी यांनाही तातडीने दवाखाना गाठावा. मणक्याचं ऑपरेशन झालेल्याने आणखी एक पाहावं: दोन्ही हातांची कामं अडखळू लागणं, चाल डगमगणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं म्हणजे मज्जारज्जूवर दाब येत असल्याची शंका घ्यायची.

डिस्चार्जच्या कागदावर ‘जुग्युलर’, ‘व्हेन’, ‘स्टायलॉइड’ यातलं काही असेल तर तुमचं ऑपरेशन शिरेचं. ‘डिस्क’, ‘फ्युजन’, ‘रूट’ असेल तर मज्जातंतूचं. फिजिओथेरपिस्टकडे पहिल्यांदा जाताना तो कागद सोबत न्या, आणि ‘नस’ न म्हणता ‘शीर’ किंवा ‘मज्जातंतू’, जे असेल ते म्हणा.