८४ टक्के आणि ६.९: मुरलेल्या चोराच्या सिनेमाचे दोन आकडे

मुरलेला चोर, निवृत्तीआधीची शेवटची चोरी, हुशार पण भरवसा ठेवता येणार नाही असा नवखा साथीदार, आणि कागदावर बिनचूक दिसणारा बेत. या साच्याचा थ्रिलर बघावा का, हे ठरवायला लोक प्रेक्षकांचे आकडे उघडतात. एका साइटवर दिसतं ८४ टक्के, दुसरीवर ६.९. लगेच वाद सुरू: ८४ मार्कांचा सिनेमा इथे ६९ वर कसा घसरला? घसरलेला नाही. ८४ हे मार्क नाहीतच, ती डोकी आहेत.

टक्केवारी सांगते की किती जणांना सिनेमा बरा किंवा त्याहून चांगला वाटला. सरासरी सांगते की तो किती आवडला. टक्केवारी दाखवणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटवर प्रेक्षकांच्या आकड्यासाठी पाचपैकी साडेतीन तारे ही रेषा आहे. साडेतीन दिले की तुम्ही 'आवडला'च्या बाजूला, तीन दिले की पलीकडे. साडेतीन देणारा आणि पाच देणारा, दोघांचं वजन सारखंच. सरासरी दाखवणाऱ्या आयएमडीबी या साइटवर १ ते १० गुण देतात आणि तिथे प्रत्येक गुण मोजला जातो, त्यामुळे १० आणि ७ यांतला फरक पुसला जात नाही.

हे १०० प्रेक्षकांवर करून बघू. पहिला सिनेमा नीटनेटका, वेगवान, कुठेही न अडखळणारा. १० जणांनी ४ तारे दिले, ७४ जणांनी साडेतीन, १६ जणांनी ३. टक्केवारी ८४. ताऱ्यांची बेरीज ३४७, म्हणजे सरासरी ३.४७, दहाच्या मापात ६.९. दुसरा सिनेमा संथ, थंड डोक्याचा, शेवटी चोराला काही मिळू न देणारा. ४० जणांनी पाचही तारे दिले, १८ जणांनी साडेचार, ३० जणांनी अडीच आणि १२ जणांनी २. टक्केवारी ५८, बेरीज ३८०, सरासरी ३.८०, दहाच्या मापात ७.६. रॉटन टोमॅटोजवर प्रेक्षकांच्या आकड्याशेजारी पॉपकॉर्नच्या डब्याचं चित्र असतं; ६० टक्क्यांच्या खाली गेलं की तो डबा सांडलेला दिसतो. म्हणजे ज्या सिनेमाला १०० पैकी ४० जणांनी डोक्यावर घेतलं त्याच्यापुढे सांडलेला डबा, आणि ज्याला एकानेही पाच तारे दिले नाहीत त्याच्यापुढे भरलेला.

चोरीच्या थ्रिलरमध्ये ही तफावत इतर प्रकारांपेक्षा जास्त दिसते असं आमचं मत आहे, आणि कारण साच्यातच आहे. टोळी जमवणं, रेकी, सराव, चोरी, दगाबाजी: हा सांगाडा इतका भक्कम आहे की मध्यम दिग्दर्शकाच्या हातातही सिनेमा सहसा कोसळत नाही. त्यामुळे 'एकदा बघायला ठीक' म्हणणारे ढिगाने मिळतात आणि टक्केवारी फुगते. उलट, चोराच्या कसबावरच कॅमेरा रोखला की प्रेक्षक दुभंगतात. १९५५ चा फ्रेंच 'रिफीफी' घ्या. नुकताच तुरुंगातून सुटलेला, खोकणारा जुना चोर आणि त्याचे साथीदार दागिन्यांच्या दुकानावरच्या घरातून खालचं छत फोडतात. भोकातून बंद छत्री खाली सोडतात आणि आत उघडतात, म्हणजे पडणारा चुरा छत्रीत जमा होतो, जमिनीवर आवाज होत नाही. गजराची घंटा आग विझवायच्या फेसाने भरून मुकी करतात. जवळपास अर्धा तास ना संवाद, ना पार्श्वसंगीत. हे बघताना एकाचा श्वास अडकतो, तर दुसरा मोबाइल काढतो. अशा सिनेमाला साडेतीन तारे देणारे कमीच; पाच तरी, नाहीतर दोन.

म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून मधली दरी वाचावी. टक्केवारी ८० च्या पुढे आणि सरासरी ७ च्या आतबाहेर: रविवारच्या दुपारी चालेल, सोमवारी आठवणार नाही. टक्केवारी साठीच्या आसपास पण सरासरी साडेसातच्या पुढे: तुम्ही कुठल्या गटातले, हे आधी ठरवा. दोन्ही खाली असतील तर फार विचार करू नका.

रॉटन टोमॅटोजवर आणखी एक खाच आहे. समीक्षकांचा आकडा आणि प्रेक्षकांचा आकडा शेजारी दिसतात, दोन्ही टक्क्यांत, पण रेषा एक नाही. समीक्षकाचं परीक्षण अनुकूल की प्रतिकूल हे तो स्वतः नोंदवतो किंवा साइटचे लोक वाचून ठरवतात, आणि पाचपैकी ३ तारे सहसा अनुकूलमध्ये धरले जातात. प्रेक्षकाचे तेच ३ तारे मात्र 'नाही आवडला'मध्ये. तेव्हा समीक्षक ७५ आणि प्रेक्षक ६२ असं दिसलं की 'समीक्षक विकले गेले' असा शोध लावण्याआधी ही पायरी आठवावी. त्या आकड्यावर क्लिक केलं की समीक्षकांची सरासरीही दिसते. ती बघायची तसदी फार थोडे घेतात.

सरासरीही साधी नसते. आयएमडीबी सगळी मतं जशीच्या तशी मिळवून भागत नाही, काही मतांना कमी-जास्त वजन लावून काढते आणि नेमकी रीत उघड करत नाही. पहिल्या २५० सिनेमांच्या यादीसाठी मात्र जाहीर सूत्र आहे, आणि त्यात २५,००० मतांचा उंबरठा आहे; त्याहून कमी मतं असलेला सिनेमा यादीत येत नाही. समजा, आपल्या चोराच्या सिनेमाला ५०,००० मतं पडली, सरासरी ८.६. एकूण सिनेमांची सरासरी ७ धरली, तर सूत्र त्याच्या ५०,००० मतांत ७ गुणांची २५,००० मतं कालवतं आणि उत्तर येतं ८.०७. मतं वाढत जातील तसा आकडा खऱ्या सरासरीकडे सरकतो. टक्केवारीला असा आधार नसतो. १२ मतांवरची ८३ टक्के म्हणजे १२ पैकी १० जण. एकाने मत फिरवलं की थेट ७५. पन्नासच्या आतली मतं असतील तर टक्केवारीकडे बघूच नये.

तिसरं एक माप या दोघांत नेहमी मिसळलं जातं: सिनेमास्कोअर. १९७९ पासून ही अमेरिकन कंपनी सिनेमा लागतो त्या रात्री थिएटरमधल्या प्रेक्षकांकडून कार्डं भरून घेते आणि ए प्लसपासून एफपर्यंत श्रेणी देते. इथे तिकीट काढून पहिल्याच रात्री आलेला माणूस बोलतो, म्हणजे जाहिरातीने जे कबूल केलं ते मिळालं का, हेच जास्त मोजलं जातं. चोरांना पळवून नेणाऱ्या ड्रायव्हरच्या 'ड्राइव्ह'ला (२०११) समीक्षकांनी उचलून धरलं, पण इथे मिळाला सी मायनस. पत्त्यांच्या अड्ड्यावरच्या लुटीपासून सुरू होणाऱ्या 'किलिंग देम सॉफ्टली'ला (२०१२) तर थेट एफ. वेगवान थ्रिलर म्हणून आलेल्यांपुढे संथ, बोलका सिनेमा वाढला की असंच होणार. ही श्रेणी दर्जाची नाही, अपेक्षाभंगाची आहे.

आकड्यांनंतर लिहिलेली मतं. तिथेही एक जोडी सारखी गल्लत घडवते: 'ट्विस्ट आधीच कळला' आणि 'ट्विस्ट पटला नाही'. पहिली तक्रार साच्याची आहे. बेत पडद्यावर सविस्तर समजावला तर तो फसणार आणि समजावला नाही तर यशस्वी होणार, हे या प्रकारातले सराईत प्रेक्षक दहाव्या मिनिटाला ओळखतात. अशी मतं देणारे तरीही साडेतीन तारे देऊन जातात. दुसरी तक्रार गंभीर. तिजोरी रिकामी निघते, चोर पकडला जातो आणि मग पाच मिनिटांच्या फ्लॅशबॅकमध्ये कळतं की माल कालच बदलला होता, पण त्याचा एकही धागा आधी दाखवलेला नव्हता. दिग्दर्शकाने हातचं राखलं की प्रेक्षकाला आपणच लुटले गेलो असं वाटतं आणि तारे दोनवर येतात. दहा मतं वाचा, त्यांत 'पटला नाही' किती वेळा येतं ते मोजा. ३ च्या पुढे गेलं तर शेवट कच्चा आहे.

'संथ' या शब्दाचंही तसंच. पहिला अर्धा तास संथ म्हणणारे तयारीला कंटाळलेले असतात; ती तुम्हाला आवडत असेल तर हे मत उलटं वाचा. चोरीनंतरचा भाग संथ म्हणणारे बहुतेक वेळा बरोबर असतात, कारण तिथे ताण तुटलेला असतो आणि वाटणीच्या भांडणाखेरीज सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं. साठीतला चोर छतावरून उड्या मारतो अशी थट्टा दिसली तर समजा की लेखकाने पात्राचं वय फक्त पोस्टरवर वापरलंय.

शेवटी गुणांचा आलेख. आयएमडीबीवर १ ते १० प्रत्येक गुणाला किती मतं, ते उघडून बघता येतं. ६, ७, ८ वर फुगवटा म्हणजे आपला पहिला सिनेमा. ९-१० आणि ४-५ असे दोन उंचवटे म्हणजे दुसरा. फक्त १ आणि १० वर खांब आणि मध्ये सपाट मैदान असेल तर तिथे सिनेमावर नाही, नटावर किंवा कुठल्यातरी वादावर मतदान झालंय. सरासरी सोडून द्या आणि मधली मतं वाचा. रॉटन टोमॅटोजने यावर उपाय म्हणून मे २०१९ पासून तिकीट काढल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांचा आकडा वेगळा काढला. मात्र थिएटरमध्ये न लागता थेट ओटीटीवर आलेल्या सिनेमाला तिकीटच नसतं, त्यामुळे तिथे ही गाळणी लागत नाही.