आपण पुन्हा पाहतो ती मालिका नेमकी कोणती? फिल्म, टेप आणि रिमास्टरची पार्श्वभूमी

१९६६ साली सुरू झालेली मूळ 'स्टार ट्रेक' आज मोठ्या पडद्यावर लावली, तर गणवेशाच्या कापडाची वीणसुद्धा दिसते. त्यानंतर २७ वर्षांनी आलेली तिच्याच मालेतली 'डीप स्पेस नाइन' लावली, तर चेहरे पुसट आणि अक्षरांच्या कडा विरघळलेल्या. खरे तर उलटे असायला हवे होते. दोन्ही मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवरच चित्रित झाल्या. फरक पडला तो चित्रीकरणानंतर, संकलनाच्या टेबलावर. आवडती विज्ञानकथा मालिका पुन्हा पाहायला बसताना हा फरक माहीत असला, तर कोणती आवृत्ती लावायची आणि कुठल्या उणिवा निमूटपणे सोसायच्या, हे आधीच ठरवता येते.

दूरचित्रवाणीच्या पहिल्या दोन दशकांत मालिका पुन्हा पुन्हा पाहण्यासाठी बनतच नव्हत्या. ब्रिटनमध्ये २३ नोव्हेंबर १९६३ रोजी 'डॉक्टर हू' सुरू झाली, तेव्हा तिचे भाग दोन इंच रुंदीच्या व्हिडिओटेपवर ध्वनिचित्रमुद्रित होत. ही टेप महाग होती आणि पुसून परत वापरता येत असे. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनर्प्रक्षेपणावर मर्यादा होत्या, आणि रंगीत प्रक्षेपण आल्यावर कृष्णधवल भागांना गिऱ्हाईक उरले नाही. मग टेप पुसल्या गेल्या. आज याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, पण तेव्हाच्या हिशेबाने तो साधा काटकसरीचा व्यवहार होता.

जे वाचले ते परदेशी विक्रीमुळे. वाहिन्यांना पाठवण्यासाठी पडद्यावरचे चित्र १६ मिलिमीटर फिल्मवर उतरवत, आणि त्या फिल्मी जगभर विखुरल्या. 'डॉक्टर हू'चा नायक 'डॉक्टर' वेळोवेळी नवा नट साकारतो; पहिल्या दोन डॉक्टरांच्या काळातले एकूण भाग २५३. 'टूम ऑफ द सायबरमेन' या कथेचे चारही भाग हाँगकाँगहून परत आले. २०१३ मध्ये नायजेरियातून एकदम ९ हरवलेले भाग मिळाल्याचे जाहीर झाले आणि बेपत्ता भागांची संख्या ९७ वर आली. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र शाबूत आहे, कारण काही चाहत्यांनी त्या काळी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो मुद्रित केला होता. या आवाजावर स्थिरचित्रे किंवा ॲनिमेशन बसवून बरेच भाग आज पाहता येतात.

यातली एक तांत्रिक गोष्ट पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. मूळ व्हिडिओत सेकंदाला ५० क्षेत्रे असत, म्हणजे हालचालीचे ५० टप्पे. फिल्मवर उतरवल्यावर २५ चौकटी राहिल्या आणि हालचाल थोडी तुटक झाली. डीव्हीडीच्या काळात 'विडफायर' नावाच्या प्रक्रियेने मधल्या चौकटी संगणकाने तयार करून जुना सलग वेग परत आणला. तिसऱ्या डॉक्टरच्या काळातले काही भाग फक्त कृष्णधवल फिल्मवर उरले होते. त्यांच्यावर मूळ रंगसंकेताचे बारीक ठिपके नकळत उमटून राहिलेले होते, आणि त्या ठिपक्यांतून रंग परत काढले गेले. 'द माइंड ऑफ ईव्हिल'च्या २०१३ च्या डीव्हीडीत हे काम पाहता येते. तिच्या पहिल्या भागात मात्र ठिपकेच नसल्याने तो स्वतंत्रपणे रंगवावा लागला.

अमेरिकेची वाट वेगळी. तिथे मालिका फिल्मवर चित्रित होत आणि फिल्मवरच संकलित होत. 'स्टार ट्रेक'चे ७९ भाग १९६६ ते १९६९ या तीन पर्वांत दाखवले गेले. दुसऱ्या पर्वानंतर मालिका बंद होण्याची चिन्हे दिसताच चाहत्यांनी पत्रांची मोहीम उघडली. तिसरे पर्व मिळाले खरे, पण शुक्रवारी रात्री दहाची वेळ पदरात पडली, आणि तरुण प्रेक्षक त्या वेळी घरी बसत नसे. मालिकेला खरे आयुष्य मिळाले ते बंद पडल्यावर. स्थानिक वाहिन्यांना विकलेले भाग आठवड्यातून पाच दिवस लागू लागले. ७९ भाग म्हणजे जेमतेम १६ आठवडे, की पुन्हा पहिल्यापासून. एकच भाग आठ-दहा वेळा पाहून संवाद पाठ असणारा प्रेक्षक या चक्रातून घडला. फक्त तो पाहत होता ती कापलेली आवृत्ती: सुमारे ५० मिनिटांच्या भागातून जास्तीच्या जाहिरातींसाठी काही मिनिटे छाटलेली. म्हणून तेव्हाच्या मंडळींना नंतर पूर्ण भाग पाहताना अनोळखी प्रसंग भेटले.

पुन्हा पाहताना क्रमाचा प्रश्न हमखास येतो. वाहिनीने भाग निर्मितीच्या क्रमाने दाखवले नाहीत. 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर' हा दुसरा पायलट (मालिका मंजूर होण्यासाठी बनवलेला नमुना भाग) प्रक्षेपणात तिसरा आला, आणि त्यात गणवेश वेगळे, जहाजावरचा डॉक्टरही वेगळा. नियमित मालिकेसाठी सर्वांत आधी चित्रित झालेला 'द कॉर्बोमाइट मनूव्हर' तर दहावा लागला. निर्मितीच्या क्रमाने पाहिले तर पात्रे हळूहळू स्थिरावताना दिसतात, आणि आमच्या मते एकदा तरी तसे पाहावे. पहिला, नाकारला गेलेला पायलट 'द केज' शेवटी किंवा 'द मेनॅजरी' या दोन भागांनंतर ठेवावा. त्याचा मोठा हिस्सा त्या दोन भागांत वापरलेला असल्याने आधी पाहिला तर त्यांतली उत्सुकता संपते.

क्रमाचा सर्वांत वाईट गोंधळ 'फायरफ्लाय'चा. २००२ मध्ये वाहिनीने दोन तासांचा पायलट 'सेरेनिटी' बाजूला ठेवून 'द ट्रेन जॉब'पासून सुरुवात केली आणि पायलट डिसेंबरात, मालिका बंद करतानाच दाखवला. १४ पैकी ११ भागच तेव्हा प्रक्षेपित झाले. डीव्हीडीवर योग्य क्रम आला आणि मालिकेला चाहते मिळाले ते तिथे. 'बॅबिलॉन ५'चे दुखणे वेगळे: पाच पर्वांची आखलेली कथा चौथ्या पर्वातच संपवावी लागेल असे वाटल्याने शेवटचा भाग 'स्लीपिंग इन लाइट' तेव्हाच चित्रित झाला. मग पाचवे पर्व मिळाले आणि तो भाग मागे ठेवला गेला. चौथ्या पर्वाची घाई आणि पाचव्याचा सैलपणा यातूनच आला. पाचव्या पर्वात एरवी मुळीच न दिसणारी इव्हानोव्हा ही प्रमुख व्यक्तिरेखा शेवटच्या भागात अचानक दिसते, त्याचेही कारण हेच.

आता मूळ प्रश्नाकडे. १९८७ मध्ये 'स्टार ट्रेक'ची पुढची मालिका 'द नेक्स्ट जनरेशन' सुरू झाली तेव्हा खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी नवी पद्धत वापरली गेली. चित्रीकरण ३५ मिलिमीटरवर, पण लगेच सगळे व्हिडिओटेपवर उतरवायचे आणि संकलन, दृश्यपरिणाम, श्रेयनामावली सारे टेपवर करायचे. त्यामुळे पूर्ण झालेला भाग फिल्मवर कधीच अस्तित्वात नव्हता. होती ती ४८० ओळींची टेप. मूळ 'स्टार ट्रेक'ची संकलित निगेटिव्ह स्कॅन केली की काम बरेचसे होते. इथे प्रत्येक दृश्याचे मूळ रीळ शोधून, स्कॅन करून, जुन्या टेपशी चौकट चौकट जुळवत भाग पुन्हा संकलित करावा लागला. जहाजांची मॉडेल्स, लेझर, पार्श्वभूमी यांचे थर वेगवेगळ्या फिल्मवर होते, तेही नव्याने एकत्र बसवले. २५,००० हून अधिक रिळे हाताळली गेल्याचे निर्मात्यांनी सांगितले. २०१२ ते २०१४ दरम्यान सातही पर्वे ब्लू-रेवर आली. काही क्षणांची फिल्म सापडलीच नाही. तिथे जुन्या टेपचे चित्र मोठे करून लावले आहे, आणि ते अचानक मऊ पडते.

एवढा खर्च ब्लू-रेच्या विक्रीतून अपेक्षेइतका निघाला नाही. म्हणून त्यानंतरच्या 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' या 'स्टार ट्रेक' मालिका आजही जुन्या टेपवरच अडकल्या आहेत. शिवाय त्यांच्या उत्तरार्धातली जहाजे संगणकावर, तेव्हाच्या टीव्हीच्या मापाने बनवलेली आहेत. ती स्कॅन करण्याजोगी फिल्मच नाही, नव्याने बनवावी लागतील.

हीच अडचण 'बॅबिलॉन ५'ला आधी नडली. कलाकारांचे चित्रीकरण रुंद पडद्याचा विचार करून झाले, पण अवकाशातली दृश्ये संगणकावर ४:३ मापात (जुन्या टीव्हीच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणात), टीव्हीच्या दर्जाने तयार झाली. सुरुवातीच्या काळात ती घरगुती अमिगा संगणकांवर बनली, हे आजही नवल वाटते. २००२ पासूनच्या डीव्हीडींनी सगळे रुंद केले आणि संगणकी दृश्यांचा वरचा-खालचा भाग कापून उरलेला ताणला. दोन नट बोलत असताना चित्र एकदम भुरकट झाले, तर पुढच्या क्षणी एक दृश्य दुसऱ्यात विरघळणार किंवा खिडकीबाहेर तारे दिसणार, हे ओळखून घ्यावे. तो तुकडा टेपवरून घेतलेला असतो. २०२१ मध्ये आलेली आवृत्ती फिल्म पुन्हा स्कॅन करून ४:३ मध्येच ठेवली आहे. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात, पण पाहावी तीच.

मूळ 'स्टार ट्रेक'च्या रिमास्टरमध्ये, म्हणजे जुन्या फिल्मवरून नव्याने तयार केलेल्या आवृत्तीत, वाद वेगळा. २००६ पासून दृश्यपरिणाम नव्या संगणकी चित्रांनी बदलले. जुन्या पद्धतीत जहाज, तारे आणि किरण एकावर एक छापत जात, आणि प्रत्येक छपाईगणिक दाणेदारपणा वाढे. म्हणून मूळ अवकाशदृश्ये बाकी चित्रापेक्षा खरखरीत दिसतात. खर्च वाचवण्यासाठी पायलटसाठी घेतलेली दृश्ये पुढेही वापरली गेली. त्यात मालिकेतल्या एंटरप्राइज या जहाजाच्या इंजिनांच्या टोकांना सुळके आहेत आणि खालच्या भागाच्या तोंडाशी असलेली तबकडी मोठी आहे, त्यामुळे एकाच भागात जहाजाचे रूप बदलते. नव्या आवृत्तीत हे दुरुस्त झाले. पण जुन्याची एक गंमत गेली. ११ फुटी मॉडेलच्या डाव्या बाजूला वायरी असल्याने ते बहुतेक वेळा उजव्या बाजूनेच चित्रित होई, आणि जहाज पडद्यावर जवळजवळ नेहमी डावीकडून उजवीकडे जाते. हे एकदा कळले की नजरेतून सुटत नाही. ते मॉडेल आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अवकाश संग्रहालयात आहे. २००९ पासूनच्या ब्लू-रेवर दोन्ही परिणाम निवडता येतात, तर स्ट्रीमिंगवर सहसा नवेच मिळतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याने जुने पाहावेत असे आम्हाला वाटते. 'द डूम्सडे मशीन' हा अपवाद, तिथे नवे परिणाम खरोखरच उपयोगी पडले आहेत.

स्पष्ट चित्रामुळे हातचलाखीही उघडी पडते. मारामारीत कप्तान कर्कच्या जागी दुसराच माणूस स्वच्छ ओळखू येतो. जहाजावरच्या डॉक्टर मॅकॉयची शस्त्रक्रियेची काही उपकरणे म्हणजे मिठाच्या डब्या आहेत. 'द मॅन ट्रॅप'साठी आणलेल्या त्या डब्या मिठाच्या वाटतच नाहीत म्हणून दवाखान्यात गेल्या. आणि कर्कचा सोनेरी दिसणारा अंगरखा मुळात हिरवट होता, दिवे आणि फिल्म यांनी त्याचा रंग फिरवला.

प्रत्यक्ष पाहताना दोन-तीन गोष्टी तपासाव्यात. टीव्हीवरचे हालचाल मऊ करणारे सेटिंग बंद करावे. २४ चौकटींची फिल्म त्याने व्हिडिओसारखी घसरत चालते. चित्राचे माप 'ऑटो' किंवा 'मूळ' ठेवावे, नाहीतर ४:३ चे चेहरे आडवे फुगतात. जुनी युरोपीय 'पाल' (तिथली सेकंदाला २५ चौकटींची टीव्ही पद्धत) डीव्हीडी असेल तर २४ चौकटींची फिल्म २५ च्या वेगाने धावते. ५० मिनिटांचा भाग ४८ मिनिटांत संपतो, आणि दुरुस्ती केलेली नसेल तर आवाज जवळजवळ पाऊण अर्धस्वर वर चढतो. शीर्षकसंगीत ओळखीचे असूनही कानाला खटकले, तर पहिला संशय तिथे घ्यावा.