वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यातील संवाददोष : गोव्याच्या संदर्भात

रेडिओवरून दिलेली सूचना चुकीची ऐकली जाणे, अर्धवट पोहोचणे किंवा नीट ऐकूनही तिचा भलताच अर्थ घेतला जाणे, हा विमानवाहतुकीतील संवाददोष होय. यंत्र बिघडले की निदान ते कळते. इथे मात्र दोन्ही बाजूंना आपले बोलणे पोहोचले असेच वाटत असते, आणि खरा धोका त्यातच आहे.

यावरचा मुख्य उपाय म्हणजे पुनरुच्चार, म्हणजेच रीडबॅक. उंची, दिशा, धावपट्टीचा क्रमांक, हवेच्या दाबाचा आकडा, उतरण्याची किंवा उड्डाणाची परवानगी, हे सारे वैमानिकाने जसेच्या तसे परत म्हणून दाखवायचे असते. नुसते ‘रॉजर’ चालत नाही. त्याचा अर्थ ‘संदेश मिळाला’ एवढाच, ‘मान्य’ असा नव्हे. पण नियंत्रकाने तो पुनरुच्चार कान देऊन ऐकला नाही, तर सगळी पद्धतच पोकळ ठरते. 19 फेब्रुवारी 1989 रोजी मलेशियात क्वालालंपूरजवळ सुबांग विमानतळाकडे येणाऱ्या मालवाहू बोइंग 747 ला 2400 फुटांपर्यंत उतरण्याची सूचना मिळाली. आकडे ‘टू फोर झिरो झिरो’ असे सुटे उच्चारले होते. पहिला ‘टू’ वैमानिकांना ‘पर्यंत’ या अर्थाचा वाटला आणि त्यांनी 400 फूट असे परत सांगितले. ती चूक नियंत्रकाने दुरुस्त केली नाही. विमान डोंगरावर आदळले आणि त्यातील चौघेही मरण पावले. गोव्याच्या पूर्वेला सह्याद्री आहे, सत्तरीतील सोसोगड एक हजार मीटरहून उंच आहे. पावसाळ्यात ढग घाटमाथ्यावर टेकलेले असताना त्या बाजूने खाली येणाऱ्या विमानासाठी उंचीचा आकडा म्हणजे प्राणच.

दुसरा दोष माध्यमातला आहे. एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी एकदम बटण दाबले तर ऐकणाऱ्याला शब्दांऐवजी कर्कश शिट्टी ऐकू येते. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळावर 27 मार्च 1977 रोजी धुक्यात नेमके हेच घडले. केएलएम या डच कंपनीच्या विमानाने परवानगीविनाच धाव घ्यायला सुरुवात केली होती. ‘आम्ही आता टेक-ऑफला आहोत’ हे त्यांचे वाक्य टॉवरने, म्हणजे नियंत्रकाने, ‘जागेवर तयार उभे आहोत’ असे घेतले. टॉवर ‘ओके’ म्हणाला आणि पाठोपाठ थांबायलाही सांगितले, पण त्याच क्षणी पॅन अॅम या अमेरिकी कंपनीचे विमान ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असे कळवत होते. दोन्ही संदेश एकमेकांत मिसळले आणि दोन्ही विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. 583 माणसे गेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात.

गोव्यात या विषयाला वेगळे वजन आहे. दाबोळीची धावपट्टी नौदलाच्या आयएनएस हंसा या तळाची असून नियंत्रणही नौदलाकडेच आहे. एकाच पट्टीवर मिग-29के लढाऊ विमाने आणि प्रवासी विमाने चालतात. लष्करी सरावासाठी कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नागरी उड्डाणांना मर्यादा असते. पेडणे तालुक्यातील मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू आहे आणि तेथे नियंत्रण भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे आहे. एवढ्याशा राज्याच्या आकाशात दोन वेगळ्या यंत्रणांना एकमेकींशी सतत बोलत राहावे लागते. दोन्ही विमानतळांचे चार अक्षरी संकेतही, व्हीओजीओ आणि व्हीओजीए, शेवटच्या अक्षरापुरतेच वेगळे आहेत. मोपा येथे 5 डिसेंबर 2024 रोजी हैदराबादला निघालेले विमान धावपट्टी समजून टॅक्सीवेवरच, म्हणजे धावपट्टीकडे जाण्या-येण्याच्या मार्गावरच, वेग घेऊ लागले. नियंत्रकाने वेळीच उड्डाण रद्द करायला सांगितले आणि विमान थांबले. एक स्पष्ट वाक्य वेळेवर पोहोचले तर काय टळते, हे यातून दिसते.

हंगामात रशिया, ब्रिटन आदी देशांतून चार्टर विमाने येतात, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक धाटणीचे इंग्रजी कानावर पडते. घरी कोकणी किंवा मराठी बोलणाऱ्या नियंत्रकालाही आणि मॉस्कोहून आलेल्या वैमानिकालाही ती परकीच भाषा. 12 नोव्हेंबर 1996 च्या चरखी दादरी दुर्घटनेत कझाक विमान नेमून दिलेल्या 15,000 फुटांच्या खाली उतरले, 14,000 फुटांवरील सौदी विमानाशी त्याची टक्कर झाली आणि 349 जण दगावले. कझाक वैमानिकांचे तोकडे इंग्रजी हे त्यामागचे एक कारण मानले गेले. पुढे भारतात विमानांवर टक्कररोधक यंत्रणा सक्तीची झाली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनेही मार्च 2008 पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरील वैमानिक आणि नियंत्रकांसाठी सहापैकी किमान चौथ्या पातळीचे इंग्रजी आवश्यक ठरवले. चौथ्या पातळीवरच्यांची दर तीन वर्षांनी फेरतपासणी व्हावी, अशी तिची शिफारस आहे. या चाचणीत व्याकरणाइतकेच महत्त्व आणखी एका गोष्टीला दिले जाते : शंका आली की ती तिथल्या तिथे विचारून फेडणे.