माउंट व्हर्नन आणि १७९९ हे साल

पोटोमॅक नदीकाठचं जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन हे घर आज पाहायला मिळतं ते १७९९चं, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षाचं. घर मुळात १७३४चं. त्याने ते दोनदा वाढवलं, त्याच्यानंतर वारसांनी साठ वर्षं वापरलं आणि १८६०पासून ते स्त्रियांच्या एका संस्थेकडे आहे. एवढ्या काळातून नेमकं एक वर्ष उचलायचं आणि बाकीचं काढून टाकायचं, हा निर्णय त्या संस्थेचाच. त्यावरचा वाद आजही पुरता मिटलेला नाही.

खरेदीची हकिकत अनेकांना ठाऊक असते. १८५३च्या हिवाळ्यात आगबोटीतून जाणाऱ्या एका बाईला घराची दुर्दशा दिसली, तिने मुलीला पत्र लिहिलं आणि घोड्यावरून पडून कायमची अधू झालेल्या त्या मुलीने दक्षिण कॅरोलिनातून वर्तमानपत्रात आवाहन केलं; त्यातून ही संस्था उभी राहिली. त्यामानाने कायद्याची बाजू कमी सांगितली जाते. केंद्र सरकार आणि व्हर्जिनिया राज्य दोघांनीही घर घ्यायला नकार दिला होता. राज्याने संस्थेला दिलेल्या १८५६च्या पहिल्या सनदेनुसार पैसे स्त्रियांनी जमवायचे आणि मालकी राज्याकडे जायची. ती व्यवस्था तेव्हाच्या घरमालकाला, म्हणजे वॉशिंग्टनच्या वारसाला, मान्य झाली नाही. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर करार करणंही अवघड होतं त्या काळात, १८५८च्या सुधारित सनदेने संस्थेला थेट मालक होता आलं. किंमत दोन लाख डॉलर, बदल्यात घर, भोवतालच्या इमारती, समाधी, धक्का आणि २०० एकर जमीन. करारावर सही करताना १८ हजार दिले, उरलेले हप्त्यांनी. प्रत्येक राज्याला एक प्रतिनिधी, तिच्या हाताखाली गावोगावी वर्गणी गोळा करणाऱ्या बायका. मॅसॅच्युसेट्सच्या एका नामांकित वक्त्याने वॉशिंग्टनवर व्याख्यानं देऊन सुमारे ६९ हजार डॉलर मिळवून दिले. म्हणजे एकूण रकमेचा तिसरा हिस्सा एकट्या माणसाच्या आवाजातून आला, हे स्त्रियांच्या पराक्रमाच्या गोष्टीत कधीकधी गाळलं जातं.

२२ फेब्रुवारी १८६०ला ताबा मिळाला तेव्हा नदीकडच्या व्हरांड्याचं छप्पर जहाजाच्या जुन्या डोलकाठ्यांच्या टेकूवर उभं होतं. आत जवळजवळ काही नव्हतं. मूळ वस्तूंपैकी महत्त्वाच्या म्हणजे पॅरिसच्या बास्तीय तुरुंगाची किल्ली, उदोँ या फ्रेंच शिल्पकाराने घडवलेला वॉशिंग्टनचा मातीचा अर्धपुतळा आणि पृथ्वीचा गोल. बाकीचं सामान वारसांमध्ये आणि लिलावांत पांगलं होतं. लगेच पुढच्या वर्षी यादवी युद्ध सुरू झालं. त्या काळात एक चिटणीस बाई आणि एक व्यवस्थापक यांनी घर सांभाळलं. दोन्हीकडच्या सैनिकांनी शस्त्रं बाहेर ठेवून आत यावं, असा नियम होता.

रिकाम्या खोल्या भरताना संस्थेने एक सोपी वाट धरली आणि तीच पुढे अडचणीची ठरली. एकेक खोली एकेका राज्याकडे सोपवली. त्या राज्याच्या प्रतिनिधीने पैसे, पडदे, खुर्च्या, आरसे आणायचे. पैसा उभा राहिला, प्रत्येक राज्यात आपुलकीही तयार झाली. पण खोल्यांत आलं ते एकोणिसाव्या शतकातल्या सुखवस्तू घरांतलं 'जुनं' सामान, वॉशिंग्टनच्या खोल्यांतलं नव्हे. ते मागे फिरवायला काही दशकं गेली. देणगीदाराने प्रेमाने दिलेली खुर्ची हलवायची म्हणजे त्या राज्याची समजूत काढणं आलंच.

इथे १७९९ मदतीला आलं, कारण त्या सालासाठी पुरावा होता. मृत्यूनंतर १८०० साली खोलीवार मालमत्तेची यादी करण्यात आली. कोणत्या खोलीत किती खुर्च्या, कोणता पलंग, कोणतं चित्र, सगळं किमतीसह. शिवाय वॉशिंग्टन स्वतः पत्रांतून सुताराला आणि रंगाऱ्याला बारीकसारीक सूचना द्यायचा. एवढा कागद दुसऱ्या कुठल्याही वर्षासाठी नाही. म्हणून १७९९ हे जितकं आदराचं वर्ष आहे, त्याहून जास्त सोयीचं आहे, असं आमचं मत. आणि सोय वाईट नसते. फक्त ती मान्य करावी लागते.

त्याची किंमत वारसांच्या कामाने मोजली. व्हरांड्याच्या छपरावर पुढच्या पिढीने बसवलेला कठडा एकोणिसाव्या शतकातल्या जवळपास प्रत्येक चित्रात दिसतो. लोकांच्या डोळ्यांत घर म्हणजे तो कठडा होता. विसाव्या शतकात तो काढून टाकला. काढणाऱ्यांचं म्हणणं सरळ : १७९९ला नव्हता. विरोधकांचं म्हणणंही चुकीचं नाही : इतकी दशकं उभी असलेली गोष्ट हाही घराचा इतिहासच. शिवाय उतरवलेलं लाकूड परत बसवता येत नाही, म्हणून असा निर्णय उलटवणं जवळपास अशक्य. संस्थेने तरीही साल बदललं नाही.

बाहेरच्या भिंती हा १७९९चा सर्वांत चांगला पुरावा. लांबून दगडी वाटणारं घर पाइनच्या फळ्यांचं आहे. फळ्यांच्या कडा तिरप्या तासून आणि उभ्या खाचा पाडून चौकोनी दगडांचा भास आणला आहे. त्यावर जाड रंग, आणि रंग ओला असताना वाळू. १७९९च्या एका पत्रात कृती आहे : वाळू शेवटी, जाड रंगाच्या थरावर, चिकटेल तोवर फेकत राहायची. पांढरी स्वच्छ वाळू क्वचित मिळते, म्हणून मऊ वालुकाश्म कुटून चाळायचा, आणि बारीक धूळ हलक्या वाऱ्यावर उडवून वेगळी करायची. ही शेवटची पायरी वगळली की काम फसतं. धूळ आधी रंगाला चिकटते, तिचा पातळ पापुद्रा बनतो आणि वर आलेले कण पकडायला रंगच उरत नाही. ते पहिल्या पावसात गळून पडतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे कण ओलसर असणं. फळीच्या टोकाला, जिथे लाकडाचे आडवे कापलेले तंतू पाणी ओढतात, तिथून रंग आधी सुटतो आणि वाळू पापुद्र्यासकट पडते. म्हणून पुन्हा रंगवताना टोकं आधी तपासावी लागतात.

आतल्या रंगांनी मात्र बरंच फसवलं. अनेक वर्षं खोल्या फिकट, सौम्य छटांत होत्या आणि अठराव्या शतकाची अभिरुची तशीच होती असं लोक समजत. कारण साधं : खरवडून दिसलेला जुना थर उडालेला आणि पिवळा पडलेला होता. पुढे काही मिलिमीटरचे तुकडे काढून, रेझिनमध्ये बसवून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली आडवा छेद पाहण्याची पद्धत आली. दोन थरांमधली काजळीची रेघ सांगते की खालचा रंग बराच काळ उघडा होता. रेघ नसेल तर तो केवळ अस्तर. नमुना दाराच्या चौकटीच्या आतल्या कोपऱ्यातून घ्यावा, जिथे ऊन पोचत नाही. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, म्हणून निळा हिरवट दिसू शकतो आणि तेवढी सूट द्यावी लागते. दुसरीकडून आणून बसवलेली फळी असेल तर थरांचा क्रमच खोटा निघतो. या तपासणीतून बाहेर आले ते झगझगीत रंग. लहान जेवणाच्या खोलीत तांब्याच्या जंगालाचा हिरवा, पश्चिमेच्या बैठकीत प्रशियन निळा. पाहुण्यांना आवडले नाहीत, आजही सर्वांना आवडत नाहीत. पण ही रंगद्रव्यं त्या काळी महाग होती, आणि वॉशिंग्टनला ते दिसायलाच हवं होतं.

वर्षाचा आग्रह इतका काटेकोर, तर तो सगळीकडे सारखा हवा होता. तो नव्हता. १७९९ सालीच वॉशिंग्टनने जागेवरच्या गुलामांचीही यादी केली होती : ३१७ माणसं, त्यांतली १२३ त्याच्या मालकीची. खुर्च्यांच्या यादीवरून खोल्या भरल्या गेल्या; माणसांच्या यादीला तसं वजन मिळायला फार वेळ लागला. घराजवळ राहणाऱ्या अनेकांची जागा हरितगृहाला लागून होती. ती १८३५च्या आगीत गेली आणि १९५१मध्ये पुन्हा बांधली. त्यांच्या दफनभूमीवर १९२९मध्ये दगड बसवला, त्यावर 'निष्ठावान नोकर' अशा अर्थाचे शब्द आहेत. दुसरं स्मारक १९८३चं, तेव्हा 'गुलाम' हा शब्द आला. शेतावरच्या एका झोपडीची प्रतिकृती २००७मध्ये उभी राहिली. संस्थेच्या बाजूने एवढं म्हणता येईल की १९२९ साली अशा ठिकाणी दगड बसवणारेच विरळा होते. पण रंगाच्या थरासाठी सूक्ष्मदर्शक आणि माणसांसाठी मोघम शब्द, ही तफावत कामाच्या प्राधान्याची होती, पुराव्याच्या अभावाची नव्हे.

२०२३मध्ये मोठी दुरुस्ती सुरू झाली, आणि तिचं मूळही मागच्या दुरुस्त्यांमध्ये आहे. लाकडी सांगाड्याचा भार पायावरच्या आडव्या तुळयांवर असतो. कुजलेल्या तुळया आधीच्या पिढ्यांनी तुकड्यातुकड्याने बदलल्या, तेव्हा सांगाडा आणि पाया यांचा सांधा सैल होत गेला. उभं वजन घर पेलतं, पण जोराच्या वाऱ्यात आडवा धक्का बसला की पकड कमी पडते. अशा कामात थोडीच लांबी एका वेळी मोकळी करतात, वरचं वजन जॅकवर घेतात आणि अगदी सावकाश उचलतात. घाई केली तर वरच्या खोल्यांच्या गिलाव्याला तडे जातात. जुन्या दगडकामात सिमेंट भरलेलं असेल तर तेही काढावं लागतं, कारण चुना ओल बाहेर सोडतो आणि सिमेंट ती लाकडाकडे ढकलतं. तळघराचा निचरा आणि वर्षाला सुमारे दहा लाख पाहुण्यांच्या श्वासातून येणारी दमट हवा, ही कामंही त्यातच. या खोदकामात २०२४मध्ये काचेच्या ३५ बाटल्या मिळाल्या. २९ शाबूत, आत चेरी आणि इतर फळं.

घराची हद्दही १७९९च्या हिशेबाने आखली गेली आहे, आणि ती भिंतींपाशी थांबत नाही. पलीकडच्या मेरीलँडच्या काठावर १९५०च्या दशकात तेलाच्या टाक्या उभारण्याचा बेत निघाला. संस्थेतल्या ओहायोच्या प्रतिनिधी बाई तेव्हा अमेरिकी संसदेच्या सदस्यही होत्या. त्यांनी सुमारे ५०० एकर जमीन विकत घेऊन ठेवली, आणि १९६१मध्ये संसदेने तिथलं उद्यान मंजूर केलं. शेजारच्या खाजगी मालकांशी करार झाले : झाडं तोडायची नाहीत, उंच बांधकाम करायचं नाही, जमीन मात्र त्यांचीच. व्हरांड्यातून दिसणारी समोरची झाडी याच करारांवर टिकून आहे.