वेळभेद, खामगाव–लिव्हरपूल

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव ही कापसाची पेठ आणि इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील लिव्हरपूल हे बंदर यांच्या घड्याळांतील अंतर. व्यवहारात ते हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचे धरले जाते. सूर्याच्या हिशेबाने मात्र खामगाव (सुमारे ७६° ३४′ पूर्व) ग्रिनिचच्या ५ तास ६ मिनिटे पुढे व लिव्हरपूल (सुमारे ३° पश्चिम) १२ मिनिटे मागे असल्याने खरा भेद ५ तास १८ मिनिटांच्या आसपास भरतो.

या दोन गावांची सांगड कापसाने घातली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) अमेरिकेचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या रुईला मागणी आली. अमरावतीच्या नावावरून पडलेल्या ‘उमरा’ या नावाने ती विलायतेच्या बाजारात ओळखली जाई. जलंब–खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० मध्ये तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला, आणि त्याच वर्षी सुएझकडून आलेली समुद्री तार मुंबईस पोहोचली. गाठी पोहोचण्यास आठवडे लागत, पण भाव तारेने येऊ लागल्यावर ‘तिथे आता किती वाजले’ हा प्रश्न व्यापाराचा झाला.

खामगावात कोणती वेळ पाळली जाई, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. रेल्वेने मद्रास वेळ (ग्रिनिचच्या पुढे सुमारे ५ तास २१ मिनिटे) स्वीकारली होती, तर मुंबईचे व्यापारी मुंबई वेळेने (सुमारे ४ तास ५१ मिनिटे) चालत. खामगावची स्थानिक वेळ या दोहोंच्या जवळजवळ बरोबर मध्ये, प्रत्येकीपासून पंधरा मिनिटांवर पडते. ग्रिनिच वेळेने सकाळी दहाच्या ठोक्याला मुंबईत २.५१, खामगावी सूर्यमानाने ३.०६ आणि स्टेशनच्या घड्याळात ३.२१ वाजलेले असत. ‘तीन वाजताचा भाव’ कोणत्या तीनचा, हे त्यामुळे विचारून घ्यावे लागे. ब्रिटनमध्ये ग्रिनिच वेळ रेल्वेमुळे १८४०च्या दशकातच रुळली होती, कायद्याने ती १८८० मध्ये आली.

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. गोंधळ त्याच दिवशी मिटला असे काही लेखक मानतात. परंतु मुंबईत जुनी वेळ १९५०च्या दशकापर्यंत रेंगाळली, हे पाहता मुंबईच्या दलालांशी बांधलेल्या पेठांबाबत ते विधान जपूनच घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात भारतातील घड्याळे एक तास पुढे होती (१९४२–४५).

प्रमाणवेळ ८२° ३०′ पूर्व रेखांशाची असल्याने खामगावचा सूर्य तिच्या मागे सुमारे २४ मिनिटे, म्हणजे नेमकी एक घटिका, राहतो. येथील मध्यान्ह त्यामुळे सरासरीने १२.२४ ला येतो. तो नोव्हेंबरच्या आरंभी १२.०८ च्या, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२.३८ च्या सुमारास असतो. जुन्या ज्योतिषात शून्य रेखांश मानलेल्या उज्जयिनीच्या रेषेपासून काढायचा देशांतर संस्कार (रेखांशातील फरकामुळे वेळेत करायची दुरुस्ती) येथे जेमतेम आठ पळांचा (एक पळ म्हणजे २४ सेकंद) आहे.

ब्रिटनमध्ये १९१६ पासून उन्हाळी वेळेची प्रथा आहे. सध्या मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तेथील घड्याळ तासभर पुढे असते, त्यामुळे वेचणी, जिनिंग आणि आवक यांचा बहुतेक हंगाम साडेपाच तासांच्या हिशेबात बसतो.