आतड्याची दुर्बीण आणि ‘आधी एकेटी’

वऱ्हाडात ‘आव पडून रायली’ म्हटलं की मेट्रोनिडॅझोलची पट्टी हातात येते. रक्त थांबलंच नाही, तर महिन्यांनंतर नागपूरच्या दुर्बिणीची चिठ्ठी. आदल्या रात्री पोट साफ करणारं लिटर-दोन लिटर पाणी प्यायचं आणि पहाटेची एसटीही धरायची. वाटेतल्या भीतीनं कुणी अर्धंच पितो. मग आत मळ दिसतो आणि पुढची तारीख मिळते. दुर्बीण कितीही बारीक असो, मळापलीकडचं तिला दिसत नाही.

संपूर्ण मोठ्या आतड्यात फिरणारी लवचिक दुर्बीण १९६९ च्या सुमारास रुळली, १९८३ मध्ये टोकाला कॅमेऱ्याची चिप आली. खरा वेग २००० नंतरचा. दुर्बिणीतून ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचाच प्रकाश सोडला की रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, त्यामुळे अस्तरातल्या रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात. २००४ च्या सुमारास कॉन्फोकल लेसर आला: शिरेतून फ्लुरोसीन हा चमकणारा रंग दिला की जागच्या जागी पेशी हजारपट मोठ्या दिसतात. पण तो जेमतेम पाव मिलिमीटर आत बघतो. ओसीटी, म्हणजे प्रकाशानं थरांचं चित्र काढणारी तपासणी, एक-दोन मिलिमीटर खोल जाते. पेशी मात्र तिला सुट्या दिसत नाहीत.

आपल्याकडे घोडं अडतं ते या पाव मिलिमीटरवरच. क्रोन (आतड्याला वर्षानुवर्षं सूज ठेवणारा आजार) आणि आतड्याचा क्षय, दोघांचीही आवडती जागा लहान आतड्याच्या शेवटाला. व्रण दोन्हीत, ग्रॅन्युलोमाही (सुजेच्या पेशींचा पुंजका) दोन्हीत, आणि तो पुष्कळदा अस्तराखाली दडलेला. चिमट्यानं काढलेल्या तुकड्यात येईलच असं नाही. हा गोंधळ जुना आहे: १९१३ मध्ये एका स्कॉटिश शल्यविशारदानं क्षयासारखीच आतडी पाहिली, जंतू मात्र सापडले नाहीत. क्रोनचं आजचं नाव ज्या निबंधामुळे पडलं, तो १९३२ चा.

म्हणून डॉक्टर म्हणतात ‘आधी एकेटी’, म्हणजे आधी क्षयाची औषधं. युक्तिवाद सरळ आहे: क्षयाला क्रोन समजून स्टेरॉइड दिलं तर तो पसरेल, क्रोनला एकेटी दिली तर फार बिघडणार नाही. दुसरा भाग मला फार सैल वाटतो. एकेटीवर क्रोनच्या रुग्णालाही थोडं बरं वाटू शकतं, आणि त्या भरवशावर सहा महिने जातात. तेवढ्यात आतडं अरुंद झालं की गाठ सर्जनशी. खरं तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का, ते बघायचं असतं. भरले तर क्षय, एकेटी पूर्ण करायची. नाही भरले तर क्रोनचा विचार.

म्हणजे पुन्हा ते पाणी आणि पुन्हा पहाटेची एसटी.