यांत्रिक काउंटर शून्यावर आणण्याची रचना

आकड्यांच्या चाकांवर चालणाऱ्या काउंटरचे सगळे आकडे एका हालचालीत शून्यावर आणणारी यंत्रणा. गाडीचा ट्रिप मीटर (एका प्रवासाचे अंतर दाखवणारा), मुठीत धरून दाबत मोजायचा टॅली काउंटर, कॅसेट रेकॉर्डरचा तीन आकडी काउंटर आणि जुने पेट्रोल पंप यांत ती असते.

मोजणीपेक्षा हे काम अवघड आहे. मोजताना एककाच्या चाकाचा फेरा पुरा झाला, की मधले दातेरी चक्र दशकाच्या चाकाला एक घर पुढे सरकवते. शाळेतल्या बेरजेतला हातचाच हा. शून्य करताना मात्र प्रत्येक चाक निरनिराळ्या आकड्यावर उभे असते, आणि हातचा मध्ये आला तर चाके एकमेकांना अडवतात. म्हणून अनेक रचनांत मधली चक्रे आधी बाजूला उचलली जातात.

टॅली काउंटरमध्ये बाजूची चावी फिरवायची असते. आसावर एक लांब खाच आणि प्रत्येक चाकात आतून एक खटका असतो. फिरणारी खाच ज्या खटक्याला गाठते, ते चाक आसाबरोबर निघते. काउंटरवर ३७२८ असेल तर आधी २ हलतो, ३ ला पहिले चाक त्याला मिळते, ७ ला दुसरे. मग ८८८८, ९९९९ आणि ००००. चावी सावकाश फिरवून हे एकदा पाहावेच.

बटण दाबून शून्य होणाऱ्या काउंटरमध्ये प्रत्येक चाकाला पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची चकती, म्हणजे कॅम, असते. बटणासरशी त्यावर पट्टी दाबली जाते आणि कॅमच्या उतारावरून घसरत बदामाच्या खाचेत बसते. चाक जवळच्या वाटेने शून्यावर येते: ३ मागे फिरतो, ८ पुढे. ही सुंदर युक्ती घड्याळांतून आली. आडॉल्फ निकोल या स्विस घड्याळजीने तिचे पेटंट १८४४ मध्ये घेतले.

जुन्या गाड्यांत धावत्या गाडीचा ट्रिप मीटर शून्य करू नये. चक्रे त्या वेळी फिरत असतात आणि त्यांचे नाजूक दाते तुटू शकतात.

एकूण किलोमीटर दाखवणाऱ्या ओडोमीटरला ही सोय मुद्दामच दिलेली नसते. गाडी किती चालली, ते त्यावरून ठरते. पेट्रोल पंपावरही तसेच. ‘शून्य बघून घ्या’ म्हणतात ते त्या विक्रीच्या आकड्यांबद्दल. पंपातून आजवर गेलेले एकूण लिटर मोजणारा काउंटर वेगळा असतो आणि तो पुढेच जात राहतो.